डोकं कुणाच्या ताटात

कनिपा आपाला ओळखत नाही असा माणूस कारासोरच्या तेलपट्ट्यात भेटला, तर खुशाल समजावं की तो आत्ताच विमानातून उतरलाय आणि अजून जेवलेला नाही. जेवला की ओळख होतेच. पाहुण्यांच्या बंगल्याचं स्वयंपाकघर आपाच्या हातात, आणि त्या स्वयंपाकघरात आम्ही गावातल्या नऊ बायका. मी शामशिया, तिच्या हाताखालची पहिली. हाताखालची म्हणतात खरं, पण तोंडाने मी कुणाच्या खाली नाही, हे आपाही कबूल करते.

इथं तेलाची पहिली विहीर खोदली तेव्हा आपाचा बाप, उतेगेन, खोदाईच्या मनोऱ्यावर कामाला होता. आपा सतराव्या वर्षी रशियन कामगारांच्या खानावळीत लागली. त्यांचं बीटाचं सूप शिकली, त्यांची भाषा शिकली आणि त्यांच्या शिव्या तर त्यांच्यापेक्षा चांगल्या शिकली. मग मॉस्कोचं राज्य बुडालं, पगार थांबले, खानावळीला कुलूप लागलं. तेव्हा हीच बाई रेल्वेच्या फलाटावर सुकवलेली मासळी विकायची. कुणी कीव केली तर म्हणायची, "कीव नको, मासळी घे."

पुढे अमेरिकन आले. त्यांना अंडं एकाच बाजूने भाजलेलं, वरचा बलक थरथरणारा असं लागायचं. आपाला वाटलं, माणसं घाईत असतील, म्हणून कच्चंच मागतात. तिने दया येऊन पहिल्या दिवशी सगळ्यांची अंडी उलटून खरपूस केली, आणि सगळी परत आली. दुसऱ्या दिवसापासून तिच्यासारखं थरथरतं अंडं कुणाला जमलं नाही. मग चिनी आले, ते आपले आचारी घेऊनच. आपा त्यांच्या पाठीशी उभी राहून हाताने शेवया ओढायला शिकली, आणि आता त्यांचेच लोक तिच्याकडे शेवया मागायला येतात. सगळ्यांचं शिकली, पण कुणाची झाली नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण आमच्याकडे असेही आहेत की चार महिने परदेशी साहेबाची गाडी चालवली की आईशी बोलतानाही खांदे उडवतात.

मधली काही वर्षं मात्र वाईट गेली. कामगार-छावणीचं जेवण एका परदेशी ठेकेदाराकडे गेलं आणि आपाला तिथं कांदे सोलायला बसवलं. आमच्याच माळावर, आमच्याच तेलाच्या पैशांत, आणि वरचा आचारी असा की त्याला मेंढी कुठून कापायची तेही ठाऊक नाही. आपाने शेवटी काय करावं? चहा उकळायचा समोवार उचलला आणि जिल्हा कचेरीच्या व्हरांड्यात जाऊन बसली. ना घोषणा, ना अर्ज. येणाऱ्या-जाणाऱ्याला दुधाचा चहा आणि बाउरसाक, म्हणजे आमचे कणकेचे तळलेले गोळे. लोक विचारायचे, "आपा, इथं का बसलात?" ती म्हणायची, "स्वयंपाकघर नाही मला, म्हणून." आठवड्याभरात सगळी कचेरी तिच्या बाजूने. असं मिळालं आहे आम्हाला हे बंगल्याचं स्वयंपाकघर. कुणी दान दिलेलं नाही.

तर गेल्या शरदातली गोष्ट. आमच्या देशाचं एक जुनं दुखणं आहे. तेल आमचं आणि बादली परदेशी. कच्चं विकायचं, मग त्याच्याच बनलेल्या नळ्या, पिशव्या, मुलांच्या खुर्च्यासुद्धा दुप्पट भावाने विकत आणायच्या. म्हणून सरकारने ठरवलं की कारासोरलाच कारखाना काढायचा, इथल्या वायूपासून इथंच प्लास्टिकचे दाणे करायचे. त्याची बोलणी करायला राजधानीतून उपमंत्री आले. सायात साहेब. वय पंचेचाळीसच्या आसपास, दिसायला साधा, पण डोळा तेज. आल्या आल्या स्वयंपाकघरात शिरले आणि स्टूल ओढून बसले.

"आपा, एक अडचण आहे," ते म्हणाले. "उद्या तिघं येतायत. आपलं तेल समुद्रापर्यंत जातं ते रशियाच्या अंगणातून, त्यामुळे रशियन रुसून चालत नाही. पैसा चिन्यांचा. यंत्रं अमेरिकनांची. यातला एकजरी उठून गेला तर कारखाना होत नाही."

"आणि दोघं उठून गेले, एकच उरला तर?" आपाने विचारलं.

"मग कारखाना होईल, पण आपला राहणार नाही."

"म्हणजे चुलीचे तीन दगड," आपा म्हणाली. "दोन दगडांवर कढई बसत नाही."

"अगदी. आणि कढई आपली असली पाहिजे." साहेब हसले, पण लगेच खाली बघायला लागले. "म्हणूनच जेवण साधं ठेवायचं ठरलंय. प्रत्येकाला एकेक माशाचा तुकडा, एकसारखा, तोलून. ते परदेशी ठेकेदार करतील."

आमच्यातल्या एकीच्या हातून झारा पडला. आपा मात्र शांत. मला तिची ती शांतता माहीत आहे. तिच्यापेक्षा ओरडलेली परवडते.

"साहेब, माझ्या घरी पाहुणा आला आणि मी त्याला तोलून मासा दिला, तर माझ्या बापाला मी तोंड कसं दाखवू?"

"आपा, मेंढी कापली की डोकं येतं. डोकं आलं की ते द्यायचं कुणाला, हा प्रश्न येतो. तुम्हाला मी काय सांगायचं? ज्याला डोकं, तो पहिला. उरलेले दोघं नंतरचे. इथं पहिला-दुसरा नकोच आहे मला."

यात त्यांचं काही चुकत नव्हतं, हे मीही मानते. उकडलेलं डोकं थाळीत घालून, नाक पाहुण्याकडे करून, दोन्ही हातांनी पुढे करायचं, याचा अर्थ आमच्या शेंबड्या पोरालाही कळतो. आणि मेंढीला डोकं एकच.

"आणि ठेकेदाराला उद्याचं जमलं तर?" आपाने विचारलं.

साहेबांनी स्टूल जरा मागे सरकवलं. मग म्हणाले, "तर बंगला त्यांच्याकडे जाईल. वरून तसा दबाव आहे, लपवत नाही."

म्हणजे नऊ चुली विझल्या. माझी एक, कारण माझ्या नवऱ्याची कंबर गेल्यापासून घर माझ्या झाऱ्यावर चालतं. मी बोलायला तोंड उघडलं, पण आपाने हात वर केला.

"मला उद्याचा दिवस द्या. जेवण माझं, मान माझ्या रीतीने. तिघांतला एकजण जरी वाकड्या तोंडाने उठला, तर मी चावी तुमच्या हातात ठेवते आणि ठेकेदाराला स्वतः भट्टी पेटवून देते."

"मी टेबल तरी गोल मागवलंय," साहेब म्हणाले. "म्हणजे वरची जागा राहत नाही."

"दार आहे ना खोलीला? दारासमोरची ती वरची."

"म्हणून तिथं मीच बसणार आहे," साहेब म्हणाले, आणि त्या क्षणी मला हा माणूस आवडला. त्यांनी आपाला दिवस दिला.

आपाने युक्ती काढली ती चांगलीच होती. आमच्यात ज्याचा बाप जिवंत आहे तो डोक्याला सुरी लावत नाही. लावली तर बापाचं मरण चिंतल्यासारखं. आपा म्हणाली, "शामशिया, तिघांच्या बापांची चौकशी करू. ज्यांचे जिवंत असतील त्यांना सांगू, तुमच्या वडिलांना उदंड आयुष्य मिळो, म्हणून तुम्हाला डोकं नाही. मान ठेवला आणि डोकंही टळलं. तिघांचेही असले तर सोन्याहून पिवळं."

"आणि कुणाचेच नसले तर?" मी म्हटलं.

"तुझी जीभ आधी झडू दे," आपा म्हणाली.

पण तिच्या हातून चूक झाली. आणि ती चूक आमच्याच लोकांच्या हातून होते, परक्याच्या नाही. तिने चौकशी केली ती परदेशी साहेबांच्या मदतनिसांकडे, आणि ही मदतनीस पोरं कोण? आमचीच. प्रत्येकाने आपापल्या साहेबाला आधीच फुशारकी मारून ठेवलेली, की आमच्याकडे मुख्य पाहुण्याला डोकं देतात आणि उद्या ते तुम्हालाच मिळणार बघा. आता शब्द खाली पडू द्यायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अमेरिकन साहेबाचा एलदोस आला, चॉकलेटचा डबा घेऊन. आपाने सहज विचारावं तसं विचारलं, "तुझ्या हॉलिस साहेबांचे वडील कसे आहेत रे?" एलदोस आमच्याच गल्लीतला. प्रश्न का विचारला ते त्याला लगेच कळलं. त्याने टोपी काढली. "गेले हो, आपा. फार चांगला माणूस होता."

चिन्यांकडची अयनाश आली. ती सरहद्दीपलीकडची, चीनमधल्या इलीच्या खोऱ्यातली, तिकडून आलेल्या आमच्या लोकांतली, चिनी बोलायला लागली की नुसतं बघत राहावं. तिला विचारलं तर तिच्या डोळ्यांत चक्क पाणी. "दुआन साहेबांचे वडील? नको ती आठवण, आपा. साहेब अजून सावरले नाहीत."

एका सकाळीत दोन बाप मेले, आणि मी मूर्खासारखी दोन्ही वेळा हळहळले.

तिसऱ्याला मदतनीस लागतच नाही. रशियन अर्काडी पेत्रोविच इथंच जन्मलेला, आमची भाषा आमच्यासारखी बोलतो, आणि आपाला तरुणपणापासून ओळखतो. तो सरळ मागच्या दाराने आत आला, कढईचं झाकण उघडून वास घेतला.

"कनिपा, डोकं कुणाचं आहे?"

"मेंढीचं," आपा म्हणाली. "झाकण ठेव आधी."

"टोमणे नकोत. तिघांत मी वयाने मोठा. आणि बाप म्हणशील तर माझा बाप इथंच पुरलाय, या मातीत. रीत मला शिकवू नकोस."

"मी कुणाला शिकवत नाही अर्काशा, मी जेवायला वाढते. जा, बूट पुसून समोरच्या दाराने ये."

तो हसत गेला. आपा मात्र स्टुलावर बसली. तिघांपैकी एकाचाही बाप जिवंत नाही, म्हणजे डोकं वयाने मोठ्याला जाणार. मोठा तो रशियन. त्याला डोकं दिलं की उरलेल्या दोघांना वाटणार, हे अजून जुन्या मालकालाच सलाम करतायत. अमेरिकन हसून विमानात बसेल, चिनी हसून पैसे घरी नेईल. आणि न द्यावं, तर ज्याच्या अंगणातून नळ जातो तो रुसणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"आपा, मासाच करूया का?" मी म्हटलं. मला भीती वाटत होती, खरं सांगते.

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी कांदा चिरायला घेतला. थोड्या वेळाने ती उठली, आणि कापलेल्या मेंढीच्या शेपटीची चरबी आणि काळीज वेगळं काढून ठेवलं. मी विचारलं, हे कशाला? ती म्हणाली, "असू दे. लागलं तर लागलं."

दुपारी सगळे बसले. दारासमोर सायात साहेब, भोवती तिघं, मागे एलदोस आणि अयनाश. उंटिणीचं आंबवलेलं दूध फिरलं, कॅस्पियनचा मासा आला, बोलणी आधी कोरडी आणि मग हळूहळू सैल झाली. मी वाढत होते, आपा दारात उभी होती. तिचा पांढरा रुमाल कडक परीटघडीचा, आणि चेहरा असा की सगळा तेलपट्टा हिच्या नावावर आहे असं वाटावं.

मग बोलायची पाळी आली. हॉलिस साहेब ग्लास घेऊन उभे राहिले. भला उंच माणूस, हात विहिरीवर काम केलेल्या माणसाचे. ते म्हणाले की माझे वडील आयुष्यभर तेलाच्या विहिरींवर राबले, आता नव्वदीला आलेत, आणि मी कारासोरला निघालो तेव्हा म्हणाले, तिथल्या लोकांना विचार, त्यांची पहिली विहीर किती खोल गेली होती. एलदोसने भाषांतर करायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. पण तीस वर्षं अंडी तळली तर तेवढं इंग्रजी आपालाही येतं, मलाही येतं. आपाने एलदोसकडे बघितलं. पोराचे कान टोमॅटोसारखे.

दुआन साहेबांना ते फार आवडलं. त्यांनी लगेच फोन काढला आणि एक फोटो टेबलावर फिरवला. बागेत मिरच्यांच्या रोपांपाशी बसलेला एक हसरा म्हातारा. अयनाशने मान खाली घातली. मी तिच्या कानाशी जाऊन म्हटलं, "सावरले वाटतं तुझे साहेब."

पण हसायची वेळ नव्हती. दोघांचे बाप जिवंत निघाले म्हणजे डोकं आता फक्त एकाकडेच जाऊ शकत होतं, आणि त्या एकाला ते समजलं होतं. अर्काडी पेत्रोविचने हळूच बाही वर सरकवली. नेमकी त्याच वेळी आमच्यातल्या दोघी मांसाची मोठी थाळी घेऊन आत आल्या, वर डोकं, वाफाळणारं. सायात साहेबांनी थाळी दोन्ही हातांत घेतली. पण थाळी कुणाकडे फिरवावी ते त्यांना कळेना. सगळे बघत होते. हॉलिस साहेब हसत होते आणि ते हसू हळूहळू आखडत होतं. दुआन साहेबांनी फोन खिशात घातला. एवढा मोठा देश, आणि एका थाळीपाशी येऊन अडला.

"सायात, इकडे," अर्काडी पेत्रोविच आमच्या भाषेत म्हणाला. प्रेमाने म्हणाला, उर्मटपणे नाही. "माझा बाप तुमच्याच मातीत आहे. तुम्ही सगळे जाणता."

आपा पुढे आली. हातात लाकडी वाडगा. मला तेव्हा कळलं, ती चरबी आणि काळीज कशासाठी होतं.

"अर्काडी पेत्रोविच," ती म्हणाली, आणि चारचौघांत ती त्याला तुम्ही म्हणत होती, "डोकं पाहुण्याला देतात. ज्याचा बाप आमच्या मातीत पुरलाय त्याला मी पाहुणा कसं म्हणू? तुमचा अपमान होईल."

तो काही बोलणार, तेवढ्यात ती बाकीच्या दोघांकडे वळली, आणि पोरांना म्हणाली, "जसंच्या तसं सांगा. या वेळी कुणाला मारू नका." एलदोस आणि अयनाश दोघंही ताठ उभे राहिले.

"हॉलिस साहेब, तुम्ही इथं आलात तेव्हा आमच्याकडे पगार नव्हते. दुआन साहेब, आमच्या पूर्वेच्या वेशीपर्यंतचा तेलाचा नळ तुम्ही आम्ही मिळून टाकला. पाहुणा जेवतो आणि जातो. तुम्ही तिघंही गेला नाहीत. आणि आता या मातीत कारखाना काढायचा म्हणताय, म्हणजे आपली पोरंबाळं एकत्र वाढणार. आमच्याकडे याला पाहुणा म्हणत नाहीत, व्याही म्हणतात. जावई शंभर वर्षांचा, व्याही हजार वर्षांचा. व्याह्याला डोकं देत नाहीत. व्याह्याला हे भरवतात."

वाडग्यात शेपटीची चरबी आणि काळीज, पातळ कापलेलं, वरून ताक. सोयरीक पक्की झाली की हे खायचं, आणि एकदा खाल्लं की मागे फिरायचं नाही. आमच्या पूर्वजांच्या काळी भांडण न्यायाला गेलं तर न्यायाधीश एवढंच विचारायचा, चरबी-काळीज खाल्लंत का? खाल्लं असेल तर बोलणं संपलं.

अर्काडी पेत्रोविचला हे पोरांपेक्षा आधी समजलं. तो आपाकडे बघत राहिला. आता तो काय म्हणणार? मी व्याही नाही, एका दिवसाचा पाहुणा आहे, म्हणून मला डोकं द्या? त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग त्याने बाही खाली ओढली आणि खो खो हसायला लागला. "कनिपा, तू मंत्री व्हायला हवी होतीस," म्हणाला, आणि आ केला.

आपाने त्याला पहिला घास भरवला. दुसरा दुआन साहेबांना, तिसरा हॉलिस साहेबांना. पाठोपाठ लगेच उलट्या क्रमाने पुन्हा एकेक, म्हणजे पहिलं कोण हा हिशोबच उरू नये. आणि रीत अशी की उरलेलं व्याह्याच्या तोंडाला फासायचं. हे आपाने माझ्यावर सोपवलं. आयुष्यात मी अनेक कामं केलीत, पण तीन देशांच्या गालांना एका दमात चरबी फासायचा मान मलाच मिळाला. दुआन साहेबांचा चष्मासुद्धा सुटला नाही. त्यांनी तो काढून पुसला नाही, उलट माझ्याच हातातून चरबी घेऊन हॉलिस साहेबांच्या नाकाला लावली, आणि मग जो गोंधळ झाला तो राजधानीतल्या कुठल्याही सभागृहात झाला नसेल. सायात साहेब डोक्याची थाळी छातीशी धरून उभे होते आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

बोलणी संध्याकाळपर्यंत चालली. सगळं त्या दिवशी सुटलं नाही, चिन्यांच्या व्याजावर अजून घासाघीस आहे आणि अमेरिकनांना आणखी वर्षभराची हमी हवी आहे. पण कारखाना कारासोरलाच, आणि निम्म्याहून जास्त वाटा आमचा, एवढ्यावर तिघांनीही सह्या केल्या. एकही वाकड्या तोंडाने उठला नाही.

पाहुणे गेले आणि सायात साहेब झाकलेली थाळी घेऊन स्वयंपाकघरात आले. डोक्याला कुणी हात लावला नव्हता.

"आपा, हे तुमचं," ते म्हणाले. "घर ज्याचं, त्याचं."

"माझा बाप जिवंत आहे, साहेब."

"माझाही," साहेब म्हणाले.

मग आम्ही तिघं साहेबांच्याच गाडीतून निघालो, थाळी माझ्या मांडीवर. उतेगेन आजोबांचं घर गावाच्या टोकाला. नव्वदी गाठलेला म्हातारा, पण पाठ अजून सरळ. उपमंत्री वाकून सलाम करून दाराजवळच बसले, वयाने लहान माणसाने बसावं तसे. आपाने थाळी आजोबांपुढे ठेवली, नाक त्यांच्याकडे करून.

"कोण कोण आलं होतं?" आजोबांनी विचारलं.

आपाने सांगितलं.

"तिघंही? आणि तरी डोकं इथं आलं?"

"इथंच आलं, बाबा."

म्हाताऱ्याने रुमालाने डोळे पुसले आणि सुरी मागितली. त्यांनी या मातीतून पहिलं तेल काढलं तेव्हा ते कुठं गेलं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायची सोयही नव्हती. मला गर्व वाटला, हे सांगायला लाज नाही.

आजोबांनी आधी गालाचा तुकडा स्वतः खाल्ला. मग एक कान कापला. कान आमच्याकडे लहानांना देतात, मोठ्यांचं ऐकावं म्हणून. घरात नातवंडं नव्हती, तेव्हा आजोबांनी तो सुरीच्या टोकावर धरून सायात साहेबांच्या पुढे केला.

"घे बाळा," म्हणाले. "राजधानी लांब आहे. तिथं इथलं ऐकू येत नसेल."

देशाचा उपमंत्री तो कान मुकाट्याने चावत राहिला. कान चिवट असतो, बराच वेळ लागतो. खाऊन झाल्यावर त्यांनी खिशातून बंगल्याच्या स्वयंपाकघराची चावी काढली. जेवणाच्या आधीच आपाने ती त्यांच्याकडे ठेवायला दिली होती, हे मला तेव्हा कळलं. साहेबांनी ती आजोबांच्या हातात दिली, आणि आजोबांनी मुलीच्या.

"उद्या नाश्त्याला किती माणसं आहेत?" आपाने विचारलं.

"अकरा," साहेब म्हणाले.

"शामशिया, कणीक आज रात्रीच भिजवून ठेव," आपा म्हणाली.